खरचटलं तर भरतं, भाजलं तर?

मारुंजीच्या रस्त्यावर खडीवरून दुचाकी घसरली की कोपर सोलवटतं. आठ-दहा दिवसांत खपली पडते, खाली गुलाबी कातडी दिसते. ती नुसती कडांकडून येत नाही. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींत उरलेल्या पेशी वाढून वर सरकतात. खोल भाजलं की ही मुळंच जळतात. मग रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी काढून बसवतात. ती पुरली नाही तर दान केलेली. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांत घेतलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते. रुग्णाचं शरीर ती काही आठवड्यांत नाकारतं, पण तोवर जंतुसंसर्ग आटोक्यात राहतो. या दानाला रक्तगटही जुळवावा लागत नाही.