उशाशी कोणतं पुस्तक?

एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग वर्षभराची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी बी. डी. चौरसियांचं शरीररचनाशास्त्र हायलायटरनं पिवळं होतं. पुढे जाडजूड ग्रंथ कपाटात राहतात आणि मोबाइलवर प्रश्नसंच उघडतात. कारण उघड आहे : नीट-पीजीत 210 मिनिटांत 200 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. परीक्षा जशी, तसं वाचन. दोष मुलांचा नाही.

विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांसाठी उशाशी ठेवायच्या दहा पुस्तकांची यादी दिली होती. त्यात शेक्सपिअर, प्लुटार्क, ‘डॉन किहोटे’ होते; वैद्यकाचं क्रमिक पुस्तक एकही नव्हतं. झोपण्यापूर्वी अर्धा तास वाचा, असं ते सांगत. हॉस्टेलवरच्या मित्रमैत्रिणींनो, आज रात्री तो अर्धा तास काढाच.