प्रोसेसर किती गाढ झोपतो?

संध्याकाळी सातला सातारा-सांगलीत दिवे लागतात, टीव्ही सुरू होतात, की कोयनेला हाक जाते. धरण पाटण तालुक्यात, मुख्य संच घाटाखाली पोफळीला, एकूण क्षमता 1,960 मेगावॅट. पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज हजर! कोळशाचा संच थंड पडला असेल तर तो उठेपर्यंत आपली जेवणं उरकतात.

तुमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर हाच खेळ सेकंदाला शेकडो वेळा खेळतो. त्याच्या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट्स म्हणतात. सी-झीरो म्हणजे कामावर. सी-वन म्हणजे नुसते डोळे मिटलेले, हाक मारली की लगेच ओ. सी-सिक्समध्ये कोअर हातातला हिशेब बाजूला लिहून ठेवतो आणि स्वतःची वीजच तोडून घेतो. झोप जितकी गाढ, तितकं उठणं महाग.

यातली कुठली झोप उपलब्ध आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं काम फर्मवेअरचं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बायोसचं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 साली त्यासाठी एसीपीआय नावाचा नियम बांधला. त्यातली गंमत बघा. सी-टू नसेल तर ‘नाही’ म्हणायचं नाही. उठायला लागणारा वेळ 100 मायक्रोसेकंदांच्या वर लिहायचा. सी-थ्री नसेल तर 1,000 च्या वर. समजणारा समजतो. उधारी मागितल्यावर ‘हळदीची पट्टी आली की बघू’ म्हणतात, तसंच हे.

विंडोज 95 मध्ये प्रोसेसरला डुलकी द्यायची सोय लिहून तयार होती. पण काही लॅपटॉप झोपले ते उठेचनात, म्हणून ती काढून टाकावी लागली. लिनक्स त्याहून संशयी. 2010 पासून ओळखीच्या इंटेल चिपसाठी तो झोपेच्या पायऱ्यांची स्वतःची यादी खिशात घेऊनच येतो. बायोसच्या शब्दावर विसंबत नाही. मला तरी हे पटतं.

कारण माझ्या सांगलीच्या पीसीवर प्रोसेसरची झोप मोजणारं ‘पॉवरटॉप’ लावून पाहिलं, तर गाढ झोपेचे रकाने कोरेच. बायोसमध्ये शिरलो, तर सी-स्टेट्स ‘डिसेबल्ड’. जोडून देणाऱ्यानं बंद करून ठेवलेले. त्याचीही भीती अगदीच खोटी नव्हती. इंटेलच्या 2013 च्या हॅसवेल चिप गाढ झोपेत 12 व्होल्टच्या तारेवर जेमतेम 0.05 अँपिअर ओढायच्या. इतक्या कमी लोडवर काही जुने एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारे संच, टिकतील याची खात्री नव्हती.

मी सी-स्टेट्स चालू केले. माझा एसएमपीएस बिचारा निमूट चालला, पंखाही शांत झाला. फक्त रात्री सामसूम झाली की बोर्डावरच्या कॉइलमधून रातकिड्यासारखी बारीक किरकिर येते; क्षणाक्षणाला झोपायचं-उठायचं म्हटल्यावर करंट हेलकावतो, आणि कॉइल थरथरते. आई म्हणते, डब्यात झुरळ शिरलंय.