संगणकातील तात्पुरत्या साठ्याची सफाई

बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या गावी जमिनीचा उतारा आता ‘भूमी’ या संगणकीय पद्धतीतून मिळतो. सेवा केंद्रातील एकाच संगणकावर अनेकांची कामे होत असल्याने त्यातील तात्पुरत्या साठ्याची माहिती सर्वांस असणे अगत्याचे आहे.

संकेतस्थळ उघडताच ब्राउझर त्यातील चित्रे व मजकूर संगणकात साठवतो. या साठ्यास कॅश म्हणतात. रोख रकमेशी या शब्दाचा संबंध नाही. तेच पान पुन्हा चटकन उघडावे, हा त्यामागील हेतू होय. परंतु मूळ पान बदलल्यावरही कधी कधी जुनेच पान दिसते किंवा अर्ज अर्धवट उघडतो. अशा वेळी नोंदच झाली नाही असे समजून तहसील कार्यालयास खेप घालण्यापूर्वी कॅश पुसून पाहावी.

क्रोम, एज व फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबाव्यात, संपूर्ण कालावधी निवडावा आणि कॅशच्या चौकटीत खूण करून साठा पुसावा. कुकीजही पुसल्यास संकेतस्थळांवर पुन्हा लॉगइन करावे लागते.

कॅश पुसल्याने सरकारी दप्तरातील नोंदीस धक्का लागत नाही. मात्र उतरवून घेतलेली आधारची प्रतही त्याने नाहीशी होत नाही. ती डाउनलोड्समध्ये राहते व दुसऱ्याच्या हाती पडू शकते. म्हणून काम आटोपताच लॉगआउट करावे, ती प्रत काढून टाकून रिसायकल बिन रिकामे करवून घ्यावे आणि मगच केंद्र सोडावे. शिक्षकांनी ही कृती विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी.