छायाचित्रावर पोत कसा चढतो?

पिंपळाच्या पानाचे तुम्ही काढलेले साधे छायाचित्र जुन्या, डागाळलेल्या कागदावर चितारल्यासारखे करता येते. संगणक त्यासाठी काय करतो, ठाऊक आहे? चक्क गुणाकार!

प्रथम तशा कागदाचेही छायाचित्र घ्यावे लागते. दोन्ही चित्रे बारीक ठिपक्यांची असतात. प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशा आकड्याने मांडतात. रंगीत चित्रात लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे वेगवेगळे असतात. समजा, पानाच्या एका ठिपक्याचा आकडा २०० आहे व कागदाच्या त्याच जागी १०२ चा डाग आहे. मग २०० × १०२ ÷ २५५ = ८०. तेथे पान काळवंडते. कागद शुभ्र, म्हणजे २५५ असेल, तेथे २०० चे २०० च राहतात.

युक्ती तशी जुनीच. फिल्मच्या काळात छायाचित्रकार दोन स्लाइड एकमेकींवर ठेवीत. पहिलीतून निम्मा प्रकाश पार होई, दुसरीतून त्याच्या निम्मा. शेवटी उरे पाव. तोही गुणाकारच!

मात्र एक ध्यानात ठेवा. नुसत्या ८० वरून मूळचे २०० ओळखता येत नाहीत. पानावरचा डाग रोगाचा की कागदाचा, हे मग कसे ठरवाल? म्हणून मूळ छायाचित्र नेहमी वेगळे जपून ठेवा.