रेघ अक्षाला छेदते तिथे

प्रतापगडच्या डोंगराभोवतीचा सगळा मुलूख तलावांचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात कुठल्याही वाटेला लागा, थोड्याच वेळात एखाद्या तलावाची पाळ आडवी येते. जवळच नवेगावबांध, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, आणि गावोगावी कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव. माजी मालगुजारी, म्हणून लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. धानाची शेती या पाण्यावर उभी. त्यामुळे उन्हाळा लागला की इथे एकच प्रश्न मोलाचा असतो: पाणी कधीपर्यंत पुरणार?

याचं उत्तर नववी-दहावीच्या बीजगणितातली एक साधी सरळ रेघ देते. कशी, ते बघण्यासारखं आहे.

असं धरू, की प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरली आहे. त्या गर्दीत गावच्या तलावाचं पाणी मोजायला कुणाला सवड झाली नाही. यात्रेनंतर दहाव्या दिवशी कुणीतरी खुणेची काठी बघितली: ८ फूट. तिसाव्या दिवशी पुन्हा बघितली: ६ फूट. हातात आहेत फक्त या दोन नोंदी. आता चौकटीच्या कागदावर आडव्या क्ष-अक्षावर दिवस मांडा, उभ्या य-अक्षावर पाण्याची खोली. दोन बिंदू टाका, पट्टी ठेवा आणि रेघ दोन्हीकडे पार अक्षांपर्यंत ओढा.

डावीकडे ती उभ्या अक्षाला ९ वर छेदते. उजवीकडे आडव्या अक्षाला ९० वर.

थांबा, काय झालं बघा! यात्रेच्या दिवशी तलावात ९ फूट पाणी होतं. ते कुणीच मोजलं नव्हतं, तरी कळलं. आणि पाणी याच वेगाने उतरत राहिलं तर नव्वदाव्या दिवशी तलाव कोरडा पडेल. तो दिवस तर अजून उजाडलेलाही नाही! दोन नोंदींनी एक गेलेला दिवस सांगितला आणि एक यायचा.

हे अक्षांनाच का जमावं? कारण अक्ष म्हणजे शून्याची जागा. इथे पुष्कळ मुलं गोंधळतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. उभ्या य-अक्षावर कुठेही उभे राहा, वर जा, खाली जा, 'क्ष' शून्यच असतो. म्हणजे एकही दिवस सरलेला नसतो. आडव्या क्ष-अक्षावर कितीही पुढे चाला, 'य' शून्यच. म्हणजे पाणी संपलेलं. म्हणून य-अक्षावरचा छेदनबिंदू शोधायचा तर क्ष ला शून्य करायचं, आणि क्ष-अक्षावरचा शोधायचा तर य ला. नाव एकाचं, शून्य दुसरा. आपल्या तलावाचं समीकरण आहे य = ९ − (क्ष ÷ १०). क्ष शून्य केला की उरतात ९. य शून्य केला की क्ष येतो ९०. सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच एका ओळीत बसलेले असतात. शून्य ठेवलं की बाहेर येतात.

खरा तलाव मात्र पट्टी लावल्यासारखा वागत नाही. तो परातीसारखा असतो, तळाकडे निमुळता. पाटाने पाणी रोज तेवढंच सोडलं तरी पातळी पुढेपुढे भरभर उतरते. त्यात मे महिन्याचं ऊन. त्यामुळे खरी रेघ खाली वाकते आणि आडव्या अक्षाला नव्वदाच्या आधीच गाठते. सरळ रेघेचं उत्तर इथे जास्तीत जास्त मुदत सांगतं, आणि पाण्याची पाळी ठरवणाऱ्याला तेवढं कळणंही फार उपयोगाचं आहे.

आता एक गमतीदार प्रश्न. आलेख उभ्या अक्षाला किती वेळा छेदू शकतो? फार तर एकदा. एकाच दिवशी, एकाच क्षणी तलावात ९ फूटही पाणी आणि ५ फूटही, असं होईल का? आणि आडव्या अक्षाला? कितीही वेळा! तलाव यंदा आटेल, पावसात भरेल, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आटेल.

दोनदा छेदणाऱ्या आलेखाचं एक देखणं उदाहरण आपल्याच मातीत आहे. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' ११५० मधला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. या ग्रंथाच्या बीजगणित भागात माकडांचं एक कोडं आहे: कळपाचा आठवा भाग घेऊन त्याचा वर्ग केला की जेवढी होतील तेवढी माकडं वनात बागडताहेत, उरलेली १२ डोंगरावर आहेत, तर कळप केवढा?

भास्कराचार्यांकडे आलेख नव्हता. आलेखाची वाट दाखवणारं देकार्तचं भूमितीचं पुस्तक यायला १६३७ साल उजाडावं लागलं. पण आपण आलेख काढू शकतो. वनातली माकडं अधिक १२, त्यातून पूर्ण कळप वजा. जे उरेल ते य. जिथे य शून्य, तिथे हिशोब जुळला. ही वक्ररेषा उभ्या अक्षावर १२ पासून निघते (डोंगरावरची बारा माकडं!), खाली येते, १६ वर आडवा अक्ष छेदून त्याच्या खाली जाते, ३२ पाशी वळते आणि ४८ वर पुन्हा छेदून वर निघते. उत्तरं दोन, १६ आणि ४८, आणि दोन्ही खरी. भास्कराचार्यांनी दोन्ही स्वीकारली.

लगेच त्यांनी दुसरं कोडं घातलं: पाचव्या भागातून ३ वजा करून केलेला वर्ग गुहेत, एक माकड फांदीवर. आकडे सांगतात ५० किंवा ५. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २. उणे दोन माकडं कशी असतील? ५ हे उत्तर घेऊ नये, असं आचार्य सांगतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी! अक्षावर सापडलेला प्रत्येक बिंदू खऱ्या जगात टिकतो का, हे तपासायची सवय मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते.

शेवटचं आश्चर्य मात्र सगळ्यांत मोठं. वायू थंड केला की आकसतो. दाब तोच ठेवला तर दर अंशाला, शून्य अंश सेल्सिअसला असलेल्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाने. तापमान आडवं, आकारमान उभं मांडा. सरळ रेघ येते. वायू कमी घ्या, जास्त घ्या, वेगळा घ्या. प्रत्येक रेघ उभ्या अक्षाला वेगळ्या ठिकाणी छेदू शकते. पण सगळ्या रेघा डावीकडे वाढवल्या की आडव्या अक्षाला एकाच बिंदूत येऊन मिळतात: उणे २७३.१५ अंश. त्याआधीच वायूचा द्रव होतो, त्या बिंदूवर कुठलीही प्रयोगशाळा पोचलेली नाही. तरी निसर्गातल्या थंडीची शेवटची हद्द पट्टीने ओढलेली रेघ दाखवते! १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी तापमानाचं निरपेक्ष माप मांडलं. आजच्या केल्विन मापात शून्य त्याच बिंदूवर आहे, जणू उभा अक्षच उचलून तिथे नेऊन रोवला.

तुमच्या घरातही असा एक बिंदू दर महिन्याला येतो. विजेच्या बिलात 'स्थिर आकार' नावाचा रकाना असतो. एकही युनिट जाळलं नाही तरी तो भरावा लागतो: क्ष शून्य, य शून्य नाही. पुढचं बिल आलं की घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला तो रकाना दाखवा, आणि विचारा, याची रेघ उभ्या अक्षाला कुठे छेदेल?