बादशहाने नाक मुरडलेला झरा

1527 चा एप्रिल महिना. खानव्याची लढाई नुकतीच जिंकलेला बाबर बादशहा मेवातात फिरत होता. फिरोजपूरच्या झऱ्याची कीर्ती त्याच्या कानावर आली होती, म्हणून स्वारी निघाली बघायला. अरवलीच्या डोंगरातली घळ, दोन्ही काठांना फुललेली कण्हेर, मधून वाहणारं पाणी. आणि बाबराने आठवणींत काय लिहून ठेवलं? झरा बरा आहे, पण ऐकला होता तेवढा काही नाही! (असे पाहुणे तुमच्याही घरी येतात ना?) तरी तिथे एक चौकोनी हौद करायचा हुकूम मात्र त्याने सोडला.

ते गाव आज फिरोजपूर झिरका म्हणून ओळखलं जातं. हरियाणाच्या नूह जिल्ह्यात, दिल्लीच्या दक्षिणेला. दिल्लीभोवतीचा जो मोठा राजधानी प्रदेश आहे, त्यातच ते येतं.

आता मला सांगा, या भागात पाऊस पडतो मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. मग एप्रिलच्या उन्हात बाबराला वाहतं पाणी दिसलं कसं?

करामत डोंगराची आहे. अरवलीचा इथला खडक म्हणजे क्वार्ट्झाइट. भलताच कठीण, स्वतः थेंबभर पाणी पीत नाही. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या हालचालींत तो दाबला गेला, वाकला आणि ठिकठिकाणी तडकला. पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे त्याची वाफ होत नाही. ते सावकाश खाली झिरपत राहतं. खाली भेगा नसलेला खडक लागला, की आडवं सरकतं. एखादी घळ त्या पाण्याच्या पातळीहून खोल गेलेली असेल, तर तिथे ते उघड्यावर येतं. म्हणजे बादशहासमोर वाहत होता तो आधीच्या पावसाळ्यांतला पाऊस!

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी गंमत पुढेच आहे. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींना गोडं पाणी लागतं. तिथून सपाटीवर जा, की बऱ्याच गावांत हापशाचं पाणी खारट! समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. मग मीठ आलं कुठून? पाणी मातीतून जाताना थोडे क्षार विरघळवून घेतं. सपाटीवर त्याला वाहून जायला नीट वाट नाही. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं हेच चाललं, की साठा खारा होतो.

असं पाणी पिकाला दिलं तर? मुळांच्या बाहेर क्षार जास्त झाले, की पाणी आत शिरायलाच तयार होत नाही. रान ओलं आणि रोप तहानलेलं! हरभरा लवकर मान टाकतो. मोहरी आणि जव त्या मानाने चिवट.

म्हणून पायथ्याचं पाणी इथे फार मोलाचं. पण बोअरवेलने जमिनीतलं पाणी भराभर उपसलं, की पातळी घळीच्या तळाखाली जाते आणि झरा आटतो. उपाय डोंगरावरच करावा लागतो: उतारावरच्या ओहोळांना छोटे बांध घालायचे, पाण्याला अडवायचं. थांबलेल्या पाण्याला भेगांत शिरायला वेळ मिळतो.

याच अरवलीत, गुरुग्रामजवळच्या सोहना गावी, काही पाणी फारच खोल जाऊन येतं. तिथल्या कुंडात गरम पाणी आहे आणि त्याला गंधकाचा वास येतो. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावी असतं ना, तसंच. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं, की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. समजा, वरचं तापमान 25 अंश आहे आणि कुंडातलं पाणी 50 अंश. मग ते निदान किती खोल जाऊन आलं असेल? करा गणित! आणि हो, वर येताना ते थोडं निवतं, हेही हिशेबात धरा.