खाली फरशी, वर सतरंजी

मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा माणसं पलंग सोडून फरशीवर अंग टाकतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेल्या घरात हे सुख नाही. त्यात इथली काळी माती. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चपलेला चिकटलेला चिखल. गालिच्यात ती मुरली की झाडूला दाद देत नाही, आणि दमेकऱ्याला त्रास तो वेगळाच.

जुन्या घरांत शहाबादी फरशी दिसते. शहाबाद आता कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. पण १९५६ पर्यंत ते आणि परभणी एकाच हैदराबाद राज्यात होते. दगड चुनखडीचा. लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग उठतो आणि पुसून जात नाही. ॲसिड ओतून फरशी घासणाऱ्यांना हे कोण सांगणार! व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे डाग धरत नाही. ओली झाली की मात्र घसरते. न्हाणीघरात खडबडीतच बसवा.

खरी गोम फरशीखाली असते. काळी माती ओलीने फुगते, सुकली की भेगाळते. मुरमाचा भराव नीट धुमसला नसेल तर महागडी टाइलही खचते. भाड्याचं घर बघताना नाण्याने टाइल वाजवून पाहा. पोकळ वाजली तर घरमालकाला तेव्हाच दाखवा, नाहीतर सोडताना पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापले जातील. गालिच्याची हौस सतरंजीवर भागते; उन्हात झटकता येते, घर बदललं की गुंडाळून टेम्पोत टाकता येते.